केशरी ठिपक्यांची वाट

माझं आणि सरांचं कधीच पटलं नाही, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर जुन्या दिवसांतल्या माणसाविषयी कुणी लिहायला बसलं, की तो हार घेऊनच बसला आहे असा वाचणाऱ्याचा समज होतो. मी हार घेऊन बसलेलो नाही. इगतपुरीच्या वरच्या अंगाला जे जंगल आहे, त्यात एका दुपारी माझी ताई आणि तिची सासू धुक्यात हरवल्या होत्या. त्या दुपारी या माणसाने माझं तोंड दाबून धरलं होतं. हाताला टर्पेंटाइनचा वास होता. आजही एखाद्या नव्याने रंगवलेल्या जिन्यात तो वास आला की मी पायऱ्या गाळत वर पळतो.

पण ते पुढे. आधी माणूस कळायला हवा.

इंदिरानगरात एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस होतं. सर, मी आणि हिशेब बघणाऱ्या एक बाई, एवढाच कारभार. सर पूर्वी श्रीमंतांचे बंगले बांधायचे. एका गिऱ्हाइकाने दिवाणखान्यात धबधबा मागितला, तेव्हा सर म्हणाले, "अहो, त्यापेक्षा धबधब्यातच दिवाणखाना बांधा की!" गिऱ्हाइकाला ती कल्पना फार आवडली. त्यानंतर सरांनी बंगले सोडले आणि लोकांना धबधब्यात दिवाणखाने बांधू न देणं हाच धंदा धरला. उद्यानं, टेकड्या, जंगलातल्या वाटा. माणसांनी कुठे चालावं, कुठे बसावं आणि कुठे अजिबात जाऊ नये, हे ठरवून द्यायचं. पैसा बेताचाच होता आणि भांडणं मात्र भरपूर.

ते सगळ्यांना अहो-जाहो करीत. मला, पेट्रोल पंपावरच्या माणसाला, घाटात आडव्या बसलेल्या म्हशीला. "अहो बाई, जरा उठता का?" हे म्हशीला उद्देशून असायचं आणि आवाज असा, की म्हशीबरोबर पुढच्या वळणावरचा ट्रकवालाही दचकायचा. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. फोनवर बोलत तेव्हा फोन कशाला हवा, असा प्रश्न पडे.

त्या जंगलाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा परिस्थिती अशी होती : जंगल सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. पायथ्याला एक पाडा. वर पठार, पठारावर एक तळं आणि पलीकडे खोल कडा. दर शनिवार-रविवारी नाशिक आणि मुंबईकडून गाड्यांची रांग. गाणी, बाटल्या, भिजलेली पोरं, तुडवलेली भातं. जंगल बंद करायचं नव्हतं आणि असंच मोकाटही सोडायचं नव्हतं. लोकांनी यावं, मजा करावी, पण त्यांच्यामागे जंगल जंगलच राहावं, असा आराखडा आम्ही करून द्यायचा होता.

पहिल्याच दिवशी मी नवेकोरे ट्रेकिंगचे बूट घालून गेलो. सरांनी बुटांकडे पाहिलं, गाडीच्या डिकीतून एक गोणपाटाची पिशवी काढली आणि माझ्यापुढे ओतली. आत जुन्या चपला. झिजलेल्या स्लिपर, टाचेच्या सँडल, लग्नातली एक जरीची मोजडी.

"यातलं पायाला होईल ते घाला. पाहुणे बूट घालून येत नाहीत. पाहुणे साखरपुड्याहून परस्पर येतात."

ते पर्यटक म्हणत नसत, पाहुणे म्हणत. मी निमूट मोजडी चढवली. मग त्यांनी तांदळाची एक भरलेली पिशवी ओढणीने माझ्या कमरेला बांधली, लेकरू कडेवर घेतात तशी. "हिला पडू द्यायचं नाही. आणि मधूनमधून ती रडते आहे असं समजा."

मी पदवीधर आर्किटेक्ट. पाड्यातल्या बायका ओट्यावर बसून हसत होत्या. त्या अवतारात मी त्या डोंगरावरच्या एकूण एक वाटा चाललो, आणि जिथे जिथे माझा पाय घसरला तिथे सरांनी वाट वळवली. तांदळाच्या लेकीने दाखवलेल्या जागा खरोखरच वाईट होत्या, हे मी नाकारत नाही. पण ते मला नीट सांगूनही करता आलं असतं.

स्वतः ते वेफर्स खात चालायचे. पाकीट संपलं की रिकामं पाकीट हातात धरून चालत राहायचे आणि एकदम थांबायचे. "इथे टाकावंसं वाटलं. का वाटलं?" मग आम्ही दोघं वाकून शोधायचो. बहुतेक वेळा तिथे आधीच कुणाचं तरी पाकीट पडलेलं असायचं. कचरापेट्यांना त्यांचा कडवा विरोध. पेटी दिसली की माणूस निर्धास्त होऊन कचरा घेऊन येतो, असं त्यांचं म्हणणं. वाट रोज सकाळी झाडायची, पहिलं पाकीट पडू द्यायचं नाही, बस्स.

दिवसाला किती माणसं वर सोडायची, यावर एकदा वनखात्यात बैठक झाली. साहेब लोकांना वाटलं, सर क्षेत्रफळ काढतील, भागाकार करतील. सरांनी विचारलं, "खाली बायकांसाठी संडास किती बांधताय?" कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "पाड्याच्या पिण्याच्या झऱ्याच्या वरच्या बाजूला पावसाळ्यातल्या रविवारी एकदा जाऊन या आणि मग हसा. जेवढ्यांची सोय, तेवढे पाहुणे." शेवटी हिशेब त्यांनी म्हटल्याप्रमाणेच झाला.

आता आमचं भांडण. सरांनी जंगलाच्या नकाशावर घर काढलं होतं. पायथ्याला 'ओटी', मधल्या झाडीला 'माजघर', तळ्याला 'स्वयंपाकघर' आणि कड्याकडच्या दाट रानाला 'देवघर'. गाडीत मला समजावून सांगत होते. "पाहुणा आधी ओटीवर बसतो. ओळख वाढली की माजघरात येतो. स्वयंपाकघरात घरचीच माणसं. आणि देवघरात फक्त सोवळ्यातली."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "सर, माझ्या आजोबांना गावात कुणी ओटीवरसुद्धा बसू देत नव्हतं. अंगणाबाहेर ओंजळ धरून पाणी प्यायचे. ते तुमच्या नकाशात कुठे उभे राहतील?"

सरांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "उतरा." मला वाटलं, संपली नोकरी. तेही उतरले. नकाशा बॉनेटवर पसरला आणि खोडरबराने ओटी, माजघर, देवघर, सगळं एकेक करून खोडलं. चुकलो म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग तुम्ही सांगा. कुणाला हाकलायचं नाही, आणि जंगलही राखायचं. कसं?"

मी रागातच होतो. म्हटलं, "सार्वजनिक विहिरीसारखं. पाणी सगळ्यांना. पण पाय धुवायचे ते खाली, दगडावर."

त्यांनी ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. पुढे प्रत्येक बैठकीत ते वाक्य त्यांनी स्वतःचं म्हणून ठणकावून सांगितलं. एकदाही माझं नाव घेतलं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

पाड्याच्या वन समितीच्या अध्यक्ष होत्या हिराबाई. साठीच्या आतल्या, काटक, आणि आवाजाच्या बाबतीत सरांना एकट्या पुरून उरतील अशा. त्यांना गाड्या थेट पठारापर्यंत हव्या होत्या, सरांना पायथ्यालाच थांबवायच्या होत्या. त्यांचं भांडण ऐकायला निम्मा पाडा जमायचा.

"साहेब, गाड्या खालीच ऱ्हायल्या तर आमच्या बायांचं पिठलं-भाकर कोण खाईल? लोकं वर जातील, फोटू काढतील, निघून जातील."

"अहो बाई, गाडीतून उतरलेला माणूस वेफर खातो. चालून आलेला भाकर खातो. परत खाली येईपर्यंत कडकडून भूक लागलेली असेल त्याला."

"आन् नाय लागली तं?"

"तर मी खाईन सगळ्या भाकरी."

हिराबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एक दिवाळी बघू. नाय जमलं तं तुमच्या वाटंवरली दगडं उचलून खाली फेकू. मंग बोलायचं नाय."

म्हणजे सगळंच त्या एका दिवाळीवर होतं. सुट्टीत वाट पहिल्यांदा लोकांसाठी उघडायची. निभावलं तर आराखडा मंजूर, नाही तर गाड्या पठारावर. सर त्या दिवसांत जेवणाच्या डब्याला हात न लावता तसाच परत न्यायचे.

वाट दाखवायला खुणा हव्या होत्या. बाण त्यांना नको होते. "बाण दिसला की माणूस पळत सुटतो." म्हणून गुडघ्याएवढ्या उंचीवर, दगडांवर, तळहाताएवढे गोल ठिपके. रंग कोणता, यासाठी त्यांनी भर पावसाळ्यात मला पठारावर उभं केलं. माझ्या हातात रंगवलेले पुठ्ठे. ते ढगात मागे मागे चालत जायचे आणि ओरडायचे, "आता पिवळा गेला! निळा कधीच गेला! पांढरा दाखवा!" सगळ्यात शेवटी दिसेनासा झाला तो केशरी. सर परत आले तेव्हा नखशिखांत भिजलेले होते आणि लहान मुलासारखे खूश. पावसाने उघडीप दिल्यावर आम्ही केशरी ऑइलपेंटने पाड्यापासून तळ्यापर्यंत आणि तळ्याकडून परत, असे ठिपके काढले. पठारावर चढल्याबरोबर एक फाटा लागतो. डावीकडे तळं, उजवीकडे कड्याचं रान. ठिपके डावीकडे वळले.

उघडीप असली तर फाट्यावरून तळं समोर दिसतं. खुणांची गरजच पडत नाही. खुणा होत्या त्या धुक्यासाठी.

त्या दुपारविषयी मी अजून काहीच सांगितलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. सांगायला जीव होत नाही. म्हणून आधी त्यानंतरच्या बैठकीचं सांगतो.

बैठकीत ताईचं नाव कुणी घेतलं नाही. सगळे 'ती घटना' म्हणत होते. टेबलावर फोटो होते, खुणांचे. एका साहेबांनी मुद्दा काढला, की पाड्यातल्या लोकांनी सरकारी कामाच्या खुणा बिघडवल्या, तेव्हा त्यांना नोटीस काढावी, आणि समितीकडून वाटेचं काम काढून घ्यावं. दोन-तीन माना हलल्या. हिराबाई भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या उठल्या. नेहमीचा आवाज नव्हता.

"आम्ही काय बिघडवलं? आदल्या दिशी दिवाळीची वाघबारस व्हती. गुराखी वाघदेवाला शेंदूर लावित्यात. फाट्यापास्नं कड्यापर्यंत दगडं हायेत आमच्या देवाची, वाडवडलांपास्नं. सालभराच्या पावसानं शेंदूर जातो, वाघबारशीला पुन्ना लावितो. साहेबांनी खालच्या दगडांना तसाच रंग लावला. आम्हाला वाटलं, साहेबांनी बी देवाला लावलं. लय बरं वाटलं. मंग आमच्या पोरांनी साहेबांच्या दगडांना बी शेंदूर लावला. म्हणलं, त्यांनाच कशाला वगळायचं?"

आम्ही पाहणी केली ती भर पावसाळ्यात. तेव्हा उजवीकडचे ते दगड नुसते काळे, गवतात बुडालेले दगड होते. आणि वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या दुपारी, फाट्यावर दोन्ही बाजूंना केशरी खुणा होत्या. एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला कड्याच्या टोकावर बसलेला वाघदेव.

सर उभे राहिले. "नोटीस माझ्या नावाने काढा. देव तिथे आधी होता, मी नंतर गेलो. रंग निवडताना मी धुक्याला विचारलं, गावाला विचारलं नाही."

साहेब म्हणाले, असं कसं, जबाबदारी सामूहिक असते वगैरे. सर म्हणाले, "अहो, मी लेखी देतो." आणि दिलं. आराखड्यावरून आमच्या ऑफिसचं नाव गेलं. वाटेचं काम पाड्याकडे राहिलं. मी बाहेर येऊन त्यांच्याशी भांडलो, की माझंही काम त्या आराखड्यात होतं, मला विचारायचं तरी होतं. ते म्हणाले, "विचारलं असतं तर तुम्ही वाटून घेतलं असतं. मला वाटून घ्यायचं नव्हतं." इतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते तारेचा ब्रश आणि टर्पेंटाइनचा डबा घेऊन डोंगरावर गेले. एकेका दगडावर बसून स्वतःचे ठिपके घासून काढले. हिराबाई बरोबर होत्या, कुठला दगड देवाचा आणि कुठला सरांचा ते सांगायला. आता त्या वाटेवर कसलाही रंग नाही. पाड्यातलं कुणीतरी पाहुण्यांबरोबर चालतं, आणि परत आल्यावर पाहुणे भाकरी खातात. ते बरोबर चाललेलं आहे.

आता ती दुपार.

ताईला मीच बोलावलं होतं. "तुझ्या भावाने काढलेली वाट बघायला ये," म्हटलं होतं मोठ्या तोऱ्यात. ती, दाजी आणि तिच्या सासूबाई आल्या. मी त्यांना मावशी म्हणतो. दाजींचा गुडघा दुखत होता, ते खाली हिराबाईंच्या ओट्यावर बसले. मावशी म्हणाल्या, मी जाणार, मला तळं बघायचंय. त्यांनी पदर खोचला, ताईने पाण्याची बाटली घेतली आणि दोघी वर गेल्या. तासाभराची वाट.

परतीचा पाऊस त्या वर्षी रेंगाळला होता. दुपार कलली आणि ढग पठारावरून खाली घसरला. पाहता पाहता पाड्याच्या वरची झाडी दिसेनाशी झाली. आधी गेलेले पाहुणे एकामागून एक उतरले. शेवटी एक जोडपं आलं. मी विचारलं, दोन बायका दिसल्या का? ते म्हणाले, तळ्यावर कुणीच नव्हतं.

सर वाहनतळापाशी फलकाची अक्षरं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी हात टर्पेंटाइनमध्ये बुडवले, पँटला पुसले आणि उठले. हिराबाई पाड्यातल्या माणसांना गोळा करायला धावल्या. आम्ही दोघं पुढे निघालो. फोन लागत नव्हता. दाजी खालून लंगडत निघाले होते, त्यांना मी खेकसून परत बसवलं.

अर्धी चढण आम्ही दोघंही हाका मारत होतो. मी "ताई" म्हणून, आणि सर "अहो ताई" म्हणून. त्यांच्या त्या आवाजाचा एकदाचा उपयोग होतो आहे असं मला वाटत होतं. धाप लागली तरी मी थांबत नव्हतो. डोक्यात एकच : कडा, कडा, कडा.

फाट्यावर पोहोचलो. चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. डावीकडच्या दगडावर केशरी ठिपका होता. सर पुढे जाता जाता थबकले. उजवीकडेही केशरी होतं. ते गुडघ्यावर बसले, उजवीकडच्या दगडावर बोट फिरवलं. बोट तेलकट, लाल-केशरी झालं. दगडाखाली झेंडूची फुलं होती. त्यांनी आणखी पुढे जाऊन पुढचा दगड पाहिला. मग वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

"उजवीकडे गेल्यात," ते कुजबुजले. "माझ्या रंगामागे गेल्यात."

मी "ताई" म्हणून ओरडायला तोंड उघडलं. त्यांनी माझा दंड धरला. "आता हाक नाही."

"का?"

"पुढे घळ आहे. वाट घळीला वळसा घालून पलीकडे जाते. त्या दोघी पलीकडे असल्या आणि आपण इकडून ओरडलो, तर त्या आवाजाच्या दिशेने निघतील. सरळ."

"मग ओरडून सांगतो ना, बसून राहा म्हणून!"

"शब्द पोचत नाहीत धुक्यात. नुसता आवाज पोचतो."

मी त्यांचा हात झटकला, पण ओरडलो नाही. का ओरडलो नाही ते मला माहीत नाही. आम्ही शेंदराच्या दगडांमागून निघालो. एक दगड, मग काहीच नाही, मग गवतातून अचानक दुसरा. सर पुढे, वाकून, हाताने गवत बाजूला सारत. कारवीच्या फांद्यांवरून पाणी टपकत होतं. डाव्या हाताला घळ होती, हे दिसत नव्हतं, पण तिकडून गार हवा वर येत होती आणि गवत एका रेषेत संपत होतं.

मग मला खोकला ऐकू आला. मावशींचा. त्यांना दम्याचा त्रास आहे, तो खोकला मी कुठेही ओळखीन. अगदी समोर, इतका जवळ, की हात लांब केला असता तर पदर हाती आला असता. मी हाक मारायला छाती भरून श्वास घेतला.

सरांनी मागे वळून माझ्या तोंडावर हात दाबला. दुसरा हात मानेमागे. साठीचा माणूस, पण सांडशीसारखी पकड.

"गप," ते माझ्या कानात म्हणाले. "एक शब्द काढलास तर बघ."

मला ते पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते. मी सुटायला धडपडलो. त्यांच्या हाताला चावलो, चांगला कडकडून. त्यांनी हात काढला नाही. तसेच आम्ही उभे राहिलो, मी त्यांच्या हातात दात रुतवून आणि ते डोळे मिटून. पलीकडून एकदा ताईचं काहीतरी बोलणं ऐकू आलं. मग तेही थांबलं. ते थांबलं तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहिणार नाही.

मी धडपडणं सोडलं तेव्हा त्यांनी हात काढला. आम्ही घळीच्या माथ्याला वळसा घालून निघालो. समोर ऐकू आलेला खोकला आधी डावीकडे गेला, मग मागे गेल्यासारखा वाटला, मग पुन्हा पुढे आला. प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, आपण लांब जातोय, हा माणूस आपल्याला लांब नेतोय.

शेवटचा दगड मोठा होता. अंगभर शेंदूर, समोर फोडलेला नारळ आणि विझलेल्या उदबत्त्या. त्याला टेकून मावशी बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. त्यांच्या शेजारी ताई, पाय लांब करून. हातात नारळाची अर्धी वाटी.

मी तिच्यापुढे गुडघ्यावर पडलो. ती आधी माझ्या गळ्यात पडली आणि मग तिने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला.

"कुठे होतात रे तुम्ही? तुझ्या त्या खुणा धरून आलो, तर इथे खुणाच संपल्या. परत फिरावं तर काही दिसेना. मघाशी तुमचे आवाज आले. मी उठले. दोन-तीन पावलं टाकलीसुद्धा. आणि तुम्ही गप्प! म्हटलं, गेले हे दुसरीकडेच, आईंना एकटं सोडून कुठे शोधत फिरू? मग बसले परत." तिला रडू येत होतं आणि ती रागावलेलीच होती. "अजून एक हाक मारली असतीस ना, तर आले असते सरळ धावत."

"कुठून आला असतात तुम्ही?" सरांनी विचारलं.

"अशी. इथून." तिने हात लांब करून समोर दाखवलं.

खालून वाऱ्याची झुळूक आली आणि धुकं थोडं विरळ झालं. तिच्या पायांपुढे पाच-सहा हातांवर गवत संपत होतं. त्याच्यापुढे काहीच नव्हतं. खूप खाली, झाडांचे शेंडे होते.

ताईचा हात तसाच लांब राहिला. तिला तो मागे घ्यायचं सुचेना. मावशींनी तो दोन्ही हातांनी धरून हळूच खाली घेतला, आपल्या मांडीवर ठेवला आणि सोडलाच नाही.

सर खाली बसले. चावलेला हात त्यांनी दुसऱ्या हातात धरला होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. मग मला म्हणाले, "मला खात्री नव्हती हो."

"कसली?"

"हाक मारायची की नाही. कदाचित गप्प राहिल्यामुळेच त्या उठून निघतील, असंही वाटत होतं. तुम्ही चावलात तेव्हा तर फारच वाटलं."

खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला त्यांना धरून मारावंसं वाटलं, आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. त्यांच्या शेजारी बसलो आणि माझा रुमाल काढून त्यांच्या हाताला बांधला.